मशीनचं कपाळ

...आणि तो मले म्हणते, "बाई, घरी कोणी माणूस नाई का?"

आता तुम्हीच सांगा, याले काय उत्तर देऊ? दुकान माझं, लेथ माझी, चष्म्यावर लोखंडाचा चुरा माझ्या, आणि हा नागपूरचा मेकॅनिक, प्रवीण का काय नाव, माझ्या खांद्यावरून आत डोकावून पाहून राह्यला, मागं कोणी मिशावाला दिसते का म्हणून! म्हटलं, होता जी माणूस, गुणवंतराव. त्याचं नाव अजून पाटीवर आहे, 'गुणवंत इंजिनिअरिंग वर्क्स, सावली'. त्याले जाऊन चौदा वर्षं झाली. अन् तो होता तेव्हाही लेथ मीच चालवत होती, तो समोरच्या टपरीवर बसून गिऱ्हाइकाले सांगे, "होते ना, संध्याकाळी घेऊन जा." काम माझ्या हातचं, नाव त्याच्या तोंडचं. सातवी नापास आहो मी, पण लोखंड कापाले शाळा लागत नाई, नजर लागते.

तं ती मशीन. चामोर्शीकडे एक ट्रेनिंग सेंटर बंद पडलं, तिथल्या भंगारातून मी आणली. छोटीशी, टेबलावर बसन एवढी, पंचवीस वर्षांची. संगं टीव्हीसारखा पोट सुटलेला कॉम्प्युटर. सीएनसी म्हणतात तिले. घाबरू नका, सोपं आहे... लेथवर चाक आपल्या हातानं फिरवा लागते, हिले आकडे सांगा, ही आपणच सरकते, आपणच कापते. मी म्हटलं, आपले गुडघे गेले, आता हिचे वापरू.

अन् हौस म्हणून नाई आणली, हे पहिले ऐका. धनराजची राईस मिल आहे आमच्या इथी. धानाची चाळणी हलवाले नायलॉनचं एक वाकडं चाक असते, ते हंगामात हमखास तुटते, मंग नागपूरहून नवीन येईपर्यंत मिल बंद अन् बाहेर ट्रॅक्टरची रांग. धनराज म्हणे, दसऱ्याले असं एक चाक करून दाखवा, तालुक्यातल्या साऱ्या मिलचं काम तुमाले. अन् तिकडून माझा पोरगा निकेश, माजरीले कोळसा खाणीत नोकरीवर आहे, तो म्हणे, "आई, दसऱ्याले नाई झालं तं दुकानाची किल्ली मले दे. मोबाइलवाला दुकान भाड्यानं मागून राह्यला. तू आता आराम कर." आराम! मले आराम म्हणजे काय माहीत आहे का? भिंतीकडं तोंड करून शेंगा सोलत बसणं. मी म्हटलं, ठीक आहे, दसरा तं दसरा.

आता गंमत अशी का, ही मशीन सुरू केली का पहिले आपल्या कोपऱ्यात जाते. तिथी बोराएवढं एक गोल बटण असते. त्याले टेकली का टिक् वाजते, मंग तिले समजते आपण कुठी आहो ते. टिक् झाल्याबिगर ती कामाले हात लावत नाई. बाईसारखंच आहे, पहिले घर, मंग दुनिया. तं आमची कोपऱ्यात जाये आणि टिक् काही वाजे नाई. नुसतं कर्रर्रर्र... म्हैस गोठ्याची भिंत ढकलते ना, तशी.

म्हणून तो प्रवीण बोलावला. त्यानं झाकण उघडलं, झाकण लावलं. "कार्ड गेलं, मशीनचं डोकंच गेलं. जुना माल आहे, सारं अपग्रेड करा." म्हटलं, कसं करायचं ते सांगा. तं म्हणते, "टेक्निकल आहे हो बाई. घरी कोणी माणूस असन तं त्याले फोन कराले सांगा." अन् गेला!

दोन महिने, तुमाले सांगते, दोन महिने मी मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. कोण्या देशाचा कोणी दाढीवाला, आपल्या गॅरेजात उभा राहून अशीच मशीन खोलून राह्यला, अन् इंग्रजीत भडाभडा बोलून राह्यला. शब्द समजत नाई, पण हात समजतात. तो वायर कुठी धरते, स्क्रू किती आवळते, कुठी थांबून डोकं खाजवते... तिथी मीही थांबून डोकं खाजवे. नवीन कार्ड बसवलं, मोटरी चालवणारे नवीन डबे बसवले, पोटाळ कॉम्प्युटर काढून लॅपटॉप लावला. वायरीले खुणा पाहिजे तं जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्या, हिरवी आडवी, जांभळी उभी, पिवळी वर-खाली. बाजूचा गफ्फारभाई, जळालेल्या मोटरीत नवीन तार भरते तो, रोज येऊन पाहे अन् म्हणे, "शकुबाई, मशीन आहे का नवरी?"

सारं झालं. मशीन सुरू केली.

कर्रर्रर्र...

मी स्टुलावर बसली. गफ्फारभाई म्हणे, "दिमाग तं पूरा बदललं शकुबाई, पण जिथी दुखते तिथी हात लावून पाह्यला काय?"

नव्हता लावला. मोठ्या अकलेची ना मी! मशीन खालीच मांडली होती, टॉर्च घेतला, जमिनीवर आडवी झाली, कोपऱ्यात पाहते तं काय... बटण दिसतच नाई. नुसता कुंकवाचा गोळा! तेलात कालवलेलं, वाळलेलं, थरावर थर, लाल-पिवळा लाल-पिवळा, कांदा सोलल्यासारखा खरवडत गेली तं पंचवीस दसरे निघाले त्यातून. आता समजलं? ते बटण पुढं आहे, गोल आहे, उठून दिसते, तं पूजेच्या दिवशी जो येईल त्याले वाटे हेच मशीनचं कपाळ. लावा कुंकू, टाका अक्षता! अन् साऱ्याच्या खाली, बटणाच्या फटीत, तांदळाचा एक दाणा. एक! अंबाड्यातली पिन काढली अन् टोकरून काढला.

टिक्.

म्हणजे जुनं कार्ड चांगलं होतं. दोन महिने मी कशाले मेली? एका अक्षतेसाठी. गफ्फारभाई हसून हसून भिंतीले टेकला. मले हसू नाई आलं.

दसरा आला. धनराज आला तुटकं चाक घेऊन, निकेश आला किल्ली घ्याले. मी ताट तयार केलं, झेंडू वाहिले, कुंकवात बोट बुडवलं. तं धनराज घसा खाकरून म्हणते, "बाई, तुम्ही कशाले... पहिली पूजा आहे ना. घरी कोणी माणूस नाई का?"

समजलं तुमाले? विधवेच्या हातचं कुंकू मशीनलेही चालत नाई! वायर चालते, स्क्रू चालते, जमिनीवर लोळलेली चालते, कुंकू नाई. मी बोट पदराले पुसलं. निकेश उठला. मी म्हटलं, "बाबू, तिथी नको लावू, बाजूले लाव." तं म्हणते, "आई, पूजेत मधात बोलू नको." अन् अंगठा, नेम धरून, कपाळावर! धनराजनं वरून मूठभर अक्षता टाकल्या, आपल्याच मिलच्या.

सुरू केली.

कर्रर्रर्र...

धनराज तुटकं चाक पिशवीत घालाले लागला. निकेशनं हात पुढं केला. "आई, किल्ली."

मी डोक्यावर हात नेला अन् पिन काढली. म्हटलं, "थांब." रॉकेल, जुना टूथब्रश. गफ्फारभाईनं न सांगता टॉर्च धरला. पूजा झालेल्या मशीनचं कपाळ मी साऱ्याईच्या समोर घासून पुसून साफ केलं. दाणे मोजले, पाच निघाले.

टिक्.

अन् मंग तिनं चाक कापलं ना! पांढरा नायलॉन कापसासारखा उडत होता, पाऊण तास, कोणी उठून गेलं नाई. धनराजनं चाकावर चाक ठेवलं, उलटं करून ठेवलं, उजेडात धरलं. फट नाई. अन् काय केलं असन त्यानं? निकेशच्या पाठीवर थाप मारली! "पाहा, पोराचा हात लागला, चालू झाली." अन् आमचं लेकरू... खालमानेनं खोबरं खाऊन राह्यलं. किल्ली नाई मागितली, तेवढं खरं.

धनराजचं काम मिळालं. पण दुसऱ्या दिवशी त्याच्या चाकाच्या आधी मी माझं एक काम कापलं. ॲल्युमिनियमची वाटी, उथळ, गोल, त्यावर अक्षरं कोरली, 'कुंकू इथी'. बटणापासून हातभर दूर, समोर स्क्रूनं बसवली. एवढं अपग्रेड केलं मी, त्यातलं खरं कामाचं हेच. आता येते तो वाटीत कुंकू लावते, अक्षता टाकते, हात जोडते, मशीन चालताना पाहते, माझ्याकडं पाहते, अन् खांद्यावरून आत डोकावून विचारते, "घरी कोणी माणूस नाई का?"

मी आता भांडत नाई. म्हणते, "आहे ना जी. दसऱ्याले येते, कुंकू लावून जाते."