दहा शब्दांची शिकवणी

विनोदिनी : आजोबा, हे गेल्या वर्षीचे शब्द झाले. मी आत्ता वाचले ते सांगा.

आकाराम : दिवा, कुलूप, मोट, चिंच, घोंगडं... दहाच्या दहा सांगितलं. आनि काय पायजे?

विनोदिनी : यंदा यादी नवी आहे. सुई, पायरी, कंदील... एकही आठवत नाही?

आकाराम : आमी पलटनीत हुतो, बाई. हुकूम दोनदा इचारत न्हाई. दिवा, कुलूप, मोट...

मनुबाई : आवं, तुमी म्हशीकडं बगून या जावा.

(आकाराम उठले. गोठा डावीकडं, ते उजवीकडं वळले. मनुबाईंनी दंडाला धरून नवऱ्याला फिरवलं आणि परत येऊन उंबऱ्याशी बसल्या.)

विनोदिनी : शब्द तुम्ही पाठ करून घेतलेत?

मनुबाई : व्हय. तुमी वर्साला एकदा सांगलीस्नं येता, तेच दहा वाचता. दाराआड बसून मलाच पाठ झालं. तीन वर्सं रोज सकाळी चुलीपुढं म्हनवून घेते.

विनोदिनी : त्र्याहत्तर सालापासूनचं काम आहे हे, मनुबाई. निरोगी माणसाचा मेंदू म्हातारपणी कसा बदलतो, ते बघतोय आम्ही. साठ जणांत यांचेच गुण उतरले नाहीत. सांगलीला, विश्रामबागेतल्या कॉलेजात, आमच्या सरांनी यांच्यावर लेख लिहिलाय.

मनुबाई : लिवा की. मी कवा नगं म्हनलं?

विनोदिनी : पण खोटं ना ते. का केलंत असं?

मनुबाई : मानसिंगापायी. पोटचाच हाय, पर डोळा रानावर. बापाला कळंना झालंय, रान माझ्या नावानं करा म्हनतो. तुमी दरसाल 'स्मरण उत्तम' लिहून देता, त्यो कागद म्होरं धरला की गप बसतो. एकदा रान त्याचं झालं की आमी दोघं खोपटात.

विनोदिनी : मला आधी सांगायचंत.

मनुबाई : औशीद हाय?

विनोदिनी : नाही.

मनुबाई : सहा वर्सं हितं च्या पिलासा. झोप लागती का, जेवन जातं का, समदं त्यास्नी इचारलंसा. मला एकदा इचारायचं. पहाटं उठून पेटी भरत्यात, पलटनीत निघालो म्हनत्यात. मी आडवी झाले की मलाच इचारत्यात, मनु कुटं गेली.

विनोदिनी : घरच्यांना विचारायचं आमच्या कागदात नव्हतं. ते चुकलंच आमचं.

मनुबाई : मग औंदाचा कागद तेवढा द्या.

विनोदिनी : कसा देऊ? मागचे तीनही रद्द करावे लागतील. हा अभ्यास निरोगी माणसांचा आहे. यांचं नाव यादीतून काढते.

मनुबाई : म्हंजी म्होरल्या साली येनार न्हाई?

विनोदिनी : नाही. नाव नसलं की यायचं कारण उरत नाही.

मनुबाई : बरं हाय तुमचं, बाई. तुमास्नी नाव काढता येतं.