आभाराच्या पानावर एक नाव

सांडूभाऊच्या हाताचं जे झालं ते माझ्यामुळं झालं, हे आधी लिहून घ्या, मग बाकीचं सांगतो. गावात म्हणतात की बाळूनं हात मोडला, बाळू म्हणजे माझा चुलतभाऊ. मोडला बाळूनंच, पण नाव दाखवून दिलं मी, आणि मोडताना उभा राहून बघत होतो तो बी मीच, हे मात्र सांडूभाऊला माहीत नव्हतं.

मी पिशोरचा. वडील लवकर गेले, चुलत्यांनी वाढवलं, त्यांना आम्ही आबा म्हणायचो. आबांचा हात लई जड. मला मक्याला पाणी धरायला लावायचे, मी बांधावर बसून पुस्तक काढायचो, पाणी फुटून शेजाऱ्याच्या रानात जायचं आणि मग पाईपच्या तुकड्यानं पाठ सोलून निघायची. एकदा तर शाळेतून आणलेलं पुस्तक चुलीत घातलं आणि ते जळेपर्यंत माझी मान धरून मला बघायला लावलं. काय सांगू तुम्हाला, तरी वाचणं सुटलं नाय. मार बसला की त्या दिवशी पुस्तक जास्तच गोड लागायचं.

मोठा झाल्यावर शहरात आलो, छापखान्यात प्रुफं तपासायला लागलो, छावणी भागात खोली घेतली. तिथं गुरुवारचा बाजार भरतो, त्यात जुन्या नटबोल्टांच्या शेजारी पुस्तकं पडलेली असतात, ती उचलून आणायचो. बायको म्हणायची, आता मी पुस्तकांवर अंथरूण टाकू का? पुढं लिहायला बी लागलो. प्रकाशकांनी हस्तलिखितं ठेवून घेतली आणि धूळ बसल्यावर परत दिली, तवा म्हटलं आपणच छापू, आपणच विकू. पिशवीत घालून दारोदार फिरायचो. बाया विचारायच्या, अगरबत्ती हाय का? नाय, कथा हायेत म्हणायचो. मग नको म्हणायच्या.

सांडूभाऊ हा आबांच्या ट्रॅक्टरवर डायव्हर. मला मार बसला की पाठीला हळद लावायचा तो हाच. त्यानंच मला ती गोष्ट सांगितली. विहिरीवरची मोटर गायब झाली म्हणून आबांनी एका सालगड्यावर संशय घेतला, त्याला ट्रॉलीला बांधलं आणि आबांनी अन् बाळूनं मिळून त्याच्या पायांवर पहार घातली. वाळली फाटी मोडावीत तसा आवाज येत होता म्हणे. सांडूभाऊ ट्रॅक्टरवर बसलेला, त्याला सांगितलं होतं, खाली उतरलास तर पुढचा नंबर तुझा. मोटर नंतर विहिरीच्याच गाळात सापडली, दोर तुटून आत पडली होती. तोवर तो गडी खुरडत गाव सोडून गेला होता. सांडूभाऊ रडला आणि म्हणाला, रमेश, तू हे लिही, पण माझं नाव येऊ देऊ नको.

मी लिहिलं. गावाचं नाव बदललं, आबांचं बदललं, मोटरीचं इंजिन केलं, सगळं नीट झाकलं. मग मनोगत लिहायला बसलो. पुस्तकाच्या सुरुवातीला मनोगत असतं, त्याच्या शेवटी सगळ्यांचे आभार मानायची रीत असते, आणि ते पान मला लहानपणापासून लई थोर वाटायचं, आपल्याला बी कधीतरी असं लिहायला मिळावं असं वाटायचं. मी लिहिलं की पहारीची गोष्ट ज्यांनी डोळ्यांनी पाहिली आणि मला सांगितली त्या सांडूभाऊंच्या ऋणात मी राहीन. कथेत नाव येऊ द्यायचं नव्हतं, कथेत ते आलं नाय. आभाराचं पान म्हणजे कथेच्या बाहेरचं, असं माझ्या डोक्यात. प्रुफं वाचणारा माणूस मी, एकेक वेलांटी तपासली, आणि हे दिसलं नाय.

प्रकाशन गावातच ठेवलं, अध्यक्ष आबा. खरं सांगतो, आबांनी शाल घेऊन माझं पुस्तक हातात धरावं, एवढीच हौस. लोक कथा वाचत नाहीत, आधी आभारात आपलं नाव हाय का ते बघतात. बाळूनं बी तेच बघितलं. हसत म्हणाला, दादा, भावाचं नाव नाय आणि डायव्हरचं हाय व्हय? मग त्यानं ती ओळ परत वाचली आणि पुस्तक मिटून खिशात घातलं.

दुपारची जेवणं झाली. मी गाडीला निघालो होतो. शेडमधून आवाज आला म्हणून दारात गेलो. दोघा गड्यांनी सांडूभाऊला धरलं होतं, त्याची पाठ माझ्याकडं, तोंडाखाली मातीत रक्त ठिबकलेलं, आणि बाळूनं त्याचा उजवा हात ट्रॉलीच्या कडेवर ठेवून वरून ट्रॉलीच्या मागचं लोखंडी दार, तो फाळका, आदळला. सांडूभाऊ ओरडला. परत आदळला, तवा ओरडला नाय. आबा खुर्चीवर बसून म्हणत होते, हळू, मरू देऊ नको. बाळूनं मला बघितलं, मानेनंच जा म्हणाला. आणि मी पिशवी उचलून गेलो.

आबांनी पोलिसांना सांगितलं, फाळका निसटला. सांडूभाऊला बाळूनं सांगितलं, रमेश आधीच्या गाडीनं गेला. त्यानं ते खरं मानलं. बोटं गेली, स्टेअरिंग सुटलं, आता करमाडला लेकीकडं राहतो, कंपनीत वॉचमन हाय. पुस्तक परत छापलं तवा मी त्याचं नाव काढून टाकलं, फोनवर माफी मागितली. तो म्हणाला, जाऊ दे, तू गावात असतास तर आडवा पडला असतास. तवापासून मला एक ओळ लिहवत नाय. सांगितलं तर हा माणूस जातो, नाय सांगितलं तर खोट्यावर बसून त्याची माया खायची.

शेवटी परवा करमाडला गेलो. त्याची बायको कडूबाई, तिनं चहा ठेवला. म्हणाली, त्या घरात माणूस म्हणावा असे तुम्ही एकलेच, भाऊजी. म्हटलं, वहिनी, तुम्ही बी बसा. सांडूभाऊ म्हणाला, काय रे लेखक, पुस्तक खपवायला आलास का?

म्हटलं, नाय भाऊ. मी त्या दिवशी आधीच्या गाडीनं गेलो नव्हतो. शेडच्या दारात उभा होतो. तुझी पाठ होती माझ्याकडं. बाळू माझं ऐकायचा, मी नुसती हाक मारली असती तरी थांबला असता. मी भ्यालो. आत्ता म्हणशील तर आत्ता पोलीस ठाण्यात येतो आणि लिहून देतो.

कडूबाई उठून आत गेली. सांडूभाऊनं उजवा हात मांडीवर ओढून घेतला. मग म्हणाला, दुसऱ्यांदा आदळला तवा बी व्हतास?

व्हय, म्हटलं. दुसऱ्यांदा बी होतो. मला माफ कर, सांडूभाऊ.