मावशीच्या आवाजाचं माप

आरमोरीच्या बसस्टँडवर रशिदा गाडीची वाट पाहत बसली होती. शेजारी लच्छू पिशव्या सांभाळत घडीघडी रस्त्याकडे मान वळवत होता. तेवढ्यात त्याची बहीण सुकरी कॅसेटच्या दुकानातून धापा टाकत आली आणि रशिदाचे कान आपसूक तिकडे गेले.

“काय म्हणे दुकानवाला बिलाल?”

“मावशीचा आवाज चांगला हाय, भाऊ. चूक कॅसेटची.”

“मंग मांजरीवानी काऊन वाजते?”

“गाणं भरताना तू मेलेले सेल उन्हात तापवून घातले होते ना? टेप हळू फिरला. आता नव्या सेलवर गाणं पळते, आवाज चढते.”

“त्याले कसं समजलं?”

“त्याचा कम्प्युटर गाण्याचे ठोके मोजते. मले म्हणे, नाचताना मारता तशा टाळ्या वाजवा. कॅसेटवरचा ढोल माह्या टाळ्यांच्या किती पुढं! त्यानं गाणं हळू केलं, ढोल टाळीवर आला, अन् आवाज बी खाली उतरला. आपली मावशीच!”

“तिनं ऐकलं?”

“ऐकलं नं. रडली, मंग तुले शिव्या देल्या.”

“देऊ दे! ते कॅसेट ऐकल्यापासून तिनं गाणंच सोडलं होतं. उद्या माह्या ललिता पोरीची हळद. मावशीच्या गाण्याबिगर हळद लावाची कशी, हाच घोर होता मले. गाईन म्हणते का?”

“दुकानातच सुरू झाली. थांबाचं नावच घेत नाई.”

“अवो, पण गाडी लागली नं आपली!”

“मंग आणू का तिले ओढून?”

“नको, नको. जाऊ दे गाडी.” तो रशिदाकडे वळला. “बाई, आमच्या पिशव्यांवर जरा नजर ठेवजा. मी गाणं ऐकून येतो.”