तिसरी आणि सहावी तार

भाची : काका, वरच्या खोलीतल्या कॅमेऱ्याची ही केबल कोणी जोडली?

काका : मीच. टेस्टरचे आठही दिवे ओळीने लागतात. लावून बघ.

भाची : लागणारच. दोन्ही टोकांना एकसारखीच चूक केलीत.

काका : चूक कसली? हिरव्याशेजारी हिरवी, निळ्याशेजारी निळी. शिंप्याचा हात आहे हा.

भाची : हो, काज-बटणं तेवढी लावायची राहिलीत! अहो, तिसरी आणि सहावी तार एकाच पिळातली, एकाच रंगाच्या जोडीतली लागते. तुमची एक हिरवी, एक निळी. मग बाहेरची गडबड लाइनीत शिरते.

काका : म्हणून मशीनशेजारचा हा स्पीकर खरखरतो होय. मला वाटायचं...

भाची : काय वाटायचं?

काका : काही नाही. शिवताना वरून आवाज आल्यासारखा वाटतो. ‘आलो गं’ म्हणत जिना चढतो. पलंग रिकामा.

भाची : मावशीला जाऊन तीन महिने झाले, काका. काढून टाकू या का कॅमेरा?

काका : नको. दुरुस्त कर.

भाची : बरं. जरा मशीन चालवा. हं... बघा, मोटर फिरली की स्क्रीनवरचं घड्याळ थांबतं. केबल मोटरला खेटूनच नेलीत तुम्ही.

काका : पलंग तर दिसतोय की.

भाची : तो मघाचा. चित्र अडकलंय.

काका : आणि आवाज?

भाची : तुटतो. हाक मारली तरी इथे नुसती खरखर.

काका : त्या दिवशी पडद्यांचं काम होतं. लांब शिवण. पाऊण तास पाय उचलला नाही. मधूनमधून स्क्रीनकडे बघत होतो. कुशीवर होती, डोळे मिटून. म्हटलं, आज बरी झोप लागली बाईला.

भाची : काका...

काका : स्पीकर फार खरखरत होता. मी आवाज बारीक केला.

भाची : झोपेतच गेली म्हणाले ना डॉक्टर?

काका : डॉक्टर नंतर आले. तिने हाक मारली होती का, ते यातून कळेल तुला?

भाची : नाही. यात काही साठत नाही.

काका : बरं. काप ती टोकं.

भाची : कापते. बसा तुम्ही. पाणी आणू?

काका : तू काम कर.

भाची : ...झालं. केबलही भिंतीकडून फिरवली. मी वर जाऊन बोलते. तुम्ही मशीन थांबवू नका.

(मशीन चालू. भाचीचा आवाज आता स्पीकरमधून.)

भाची : काका, येतंय का ऐकू?

काका : येतंय. धाप लागलीय तुला, तीसुद्धा येतेय.

भाची : घड्याळ?

काका : चालतंय.

भाची : मग येऊ खाली?

काका : नको. पलंगावर बस जरा. काही बोलू नकोस.