माकडटोपीतलं ऊन

नाही, पण तुम्हीच सांगा, बाईनं ऊन खायचं म्हणजे नक्की काय खायचं? लोकर? कारण तुम्हाला सांगते, अख्खा हिवाळा मी गच्चीवर बसून लोकरच खाल्ली!

मला आमवात. आजचा नाही, कैक वर्षांचा. सकाळी उठले की ही बोटं माझी नसतातच, दुपारकडे कुठे परत येतात. त्यावर स्टेरॉइडच्या गोळ्या. आणि आता ती डॉक्टर पोरगी म्हणते, "मावशी, हा आजार हाडं पोखरतो, त्यात ह्या गोळ्यांची भर. मनानं बंद मात्र करायच्या नाहीत हं! चाला, ऊन घ्या, बारीक मासे काट्यासकट चावून खा." यात न कळण्यासारखं काही आहे का? पण आमच्या ह्यांनी, निर्मलेंदूबाबूंनी, त्यातलं एकच घरी आणलं... हाडं ठिसूळ झाली! झालं. मी खुर्चीतून उठले की, "पडशील, मृण्मयी, पडशील!"

आता ऊन घ्यायचं तर गच्चीवर जायला हवं, आणि वर गेलं की थंडी बाधणार. आमच्या बंगालातल्या चंदननगरात थंडी ती किती हो? पंखा बंद करावा इतकी! पण कार्तिकात जगद्धात्री देवीचं विसर्जन झालं रे झालं की घराघरातून माकडटोप्या बाहेर. मला टोपी, टोपीवर मफलर, शाल, हातमोजे, पायमोजे, त्यावर ह्यांची स्वतःची शाल. उघडं काय राहिलं? चष्मा! आणि शेजारी हे, तसेच गुंडाळलेले. आणि मासे? बाजारातून मौरला आणतात, बोटाएवढा मासा तो, आणि भिंग घेऊन एकेकाचे काटे काढून माझ्या पानात ठेवतात. प्रेमानं हो! भांडू तरी कशी?

मला यातलं काही नको होतं. मला यंदा सांडगे घालायचे होते. डाळ, कोहळा, फेटून फेटून कापूस करायचा, गच्चीत कापडावर ओळीनं सोडायचे. पहिले दोन मोठे, नाकासारखं टोक काढलेले, म्हातारा आणि म्हातारी, त्यांच्यावर शेंदूर-दूर्वा, आमच्याकडची रीतच ती. पण हल्ली घालते माझी नणंद, बुलू. तिचे सांडगे म्हणजे... दात सांभाळा! वर मलाच सांगते, "तू बस वहिनी, तुझ्याच्यानं नाही व्हायचं." ते 'नाही व्हायचं' आहे ना, ते हाडांपेक्षा जास्त दुखतं.

पुढच्या खेपेला रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाली, "काका, मावशींना ऊन मिळतच नाहीये." हे उसळले, "मिळत नाही? रोज मी स्वतः वर नेतो!" आणि मोबाइलवरचा फोटो पुढे केला. पुरावा! पोरीनं फोटो जवळ धरला, लांब धरला, मोठा केला... मग हळूच म्हणाली, "काका, यात मावशी कुठे आहेत?"

मग सुटले मी! हात उघडे, चालायचं, आणि सांडगे? "घाला की मावशी, बोटंही हलतील." हे म्हणाले, "पडली तर?" ती म्हणाली, "बसल्या जागी?"

घातले! अंगठा ठणकत होता, अर्धी डाळ बुलूनं फेटली, म्हातारी वाकडी झाली, म्हाताऱ्याचं नाक बसलं... पण माझे हो, माझ्या हातचे! इतकं बरं वाटलं की काय सांगू. मग जिना उतरायला लागलो. आता हे जिना कसे उतरतात? उलटे! माझ्याकडे तोंड करून, दोन्ही हात पसरून, मी पडले तर झेलायला. "सावकाश! पडशील, मृण्मयी, पड..."

पडले.

मी नाही. हे!

मनगट मोडलं. डॉक्टरनं ह्यांचीही हाडं तपासली, तर माझ्यापेक्षा पोकळ! असणारच ना? माझ्या शेजारी तेवढीच लोकर खाल्ली होती, आणि काढलेले काटे मांजराला. आता ह्यांचा हात गळ्यात बांधलेला. मासा मी भरवते, ह्याच बोटांनी, काट्यासकट. उन्हालाही नेते, टोपी काढून.

आणि जिना? हसू नका... आता पुढे, उलटी, मी उतरते. दोन्ही हात पसरून. डॉक्टरला सांगू नका. काय करणार हो? तोंडातून दुसरं काही निघतच नाही...

"पडाल हो, पडाल!"