साहेब येणार म्हणून पांढरी केलेली भिंत

आमचे बाबा भुसावळहून बदलीवर झाशीला आले, मी इथंच जन्मलो, अन् इथल्याच वर्कशॉपात वॅगनवर अक्षरं काढायला लागलो, नंबर, वजन, सगळं ब्रशनं. घरी मराठी, उंबऱ्याबाहेर बुंदेली, म्हणून माझं बोलणं असं खिचडी आहे, तुम्ही पत्रकासाठी लिहून घेताय, तर सुधारत बसू नका.

रिटायर झालो तेव्हा कॉलनीच्या हॉलमागची खोली रिकामी पडली होती, तिथं चित्रकलेचा क्लास सुरू केला. वयाची अट नाही म्हटलं. पोरं आली, पोरांना सोडायला येणाऱ्या आयाच बसायला लागल्या, अन् एक दिवस तिवारीजी आले. इंजिनाचे ड्रायव्हर होते, बायको गेल्यापासून माणूस बोलेनासा झाला होता. म्हणाले, भैया, हमसे तो सीधी लकीर भी नहीं खिंचेगी. मी म्हटलं, सीधी पर तो जिंदगी भर इंजन चलाया, अब टेढ़ी खींचिए. हसला हो माणूस! शेजारच्या सुशीलावहिनी म्हणाल्या, अगंबाई, यांना दात आहेत की.

पण कमिटीचे सेक्रेटरी कुलकर्णी, आपलेच मराठी, त्यांना खोली पाहिजे होती स्पर्धा परीक्षेच्या कोचिंगला. मला म्हणे, दादा, चित्रं काढून पोट भरतं का? मी म्हटलं, तुमचं भरलेलंच आहे, तरी तुम्ही असे का? भांडण वाढलं, शेवटी ठरलं, मोठे साहेब इन्स्पेक्शनला येतायत, त्यांना काम दाखवा, पटलं तर खोली क्लासची.

मग आम्ही बाहेरची अख्खी भिंत रंगवली. पोरांनी बेतवा नदी काढली, वहिनींनी चैत्रगौरीचा पाळणा, अन् तिवारीजींनी काय काढलं असेल? फाटकापाशी डबा घेऊन उभी असलेली बायको. नाक जमेना, पुसायचे, परत काढायचे, जमलं तेव्हा माझा हात धरून नुसते उभे राहिले.

आता रेल्वेची रीत ऐका. साहेब येणार म्हटलं की जे जे उभं आहे त्याला चुना, झाडाला चुना, दगडाला चुना, कुंडीला चुना. इन्स्पेक्शनच्या सकाळी पोचलो तर भिंत पांढरीफेक. मुकादम म्हणतो, गंदी थी बाबूजी, बच्चों ने बिगाड़ रखी थी. अन् तिच्यावर कुलकर्ण्यांनी फ्लेक्स टांगलेला, कुठल्या परदेशातली गोरी पोरं रंगात हात बुडवून हसतायत, खाली लिहिलंय, कला से विकास. किळस आली हो. साहेब आले, मी पुढं होऊन म्हटलं, साहब, असली काम इसके नीचे है. कुलकर्णी माझा दंड धरून, दादा, नंतर, नंतर. साहेबांनी फ्लेक्ससमोर फोटो काढला, म्हणाले, सफाई बढ़िया है, अन् गेले. खोली कोचिंगला गेली.

कला नको म्हणणारा परवडला, तो निदान तोंडावर सांगतो. हे तिच्या नावाचा फ्लेक्स लावून तिचाच गळा दाबतात, वर हार घालून घेतात. थू!

क्लास आता दतिया गेटजवळ माझ्या गच्चीवर भरतो. पोरं येतात, वहिनी येतात. तिवारीजी येत नाहीत. कागद घेऊन गेलो तर म्हणाले, रहने दो भैया, फिर पोत देंगे, म्हणजे परत चुना फासतील. मी रोज जातो, ते कागद उलटा करून ठेवतात.

तुम्ही तरुण आहात, कला वाचवा म्हणून पत्रकं वाटता, वाटा, देव तुम्हाला बळ देवो. मला आता उठू द्या, पेन्सिलींना टोकं करायचीत, तिवारीजींकडे जायची वेळ झाली.