घुबडाने सांगितलेली दुसरी चूक

दीर : वहिनी, फोन दे ना. उद्या संख्याशास्त्राचा पेपर आहे माझा!

वहिनी : म्हणूनच काढून घेतलाय, भाऊजी. आणि हळू बोला, बाळाचा आत्ता कुठे डोळा लागलाय.

दीर : अगं, अभ्यास फोनवरच असतो आमचा.

वहिनी : बघितला ना मघाशी. व्हिडिओत मांजराला आंघोळ घालत होते. पेपरात किती गुणांना येतं ते?

दीर : ते मधेच आपोआप आलं! आमचा ग्रुप आहे. वर्गात शंका विचारली की सर चारचौघांत सोलून काढतात. इथे टोपणनावाने कितीही बावळट प्रश्न विचारा, कुणी दात काढत नाही.

वहिनी : आणि उत्तरं कोण देतं? तुमच्यासारखेच दिवे?

दीर : घुबड.

वहिनी : अय्या! कोण?

दीर : कुणालाच माहीत नाही. रात्री-अपरात्री उत्तर देतं, म्हणून तेच नाव घेतलं असावं. सरांनी वर्षभर घसा फोडला ते घुबड चार ओळींत सांगतं. निवृत्त प्राध्यापक असेल कुणीतरी. टकलू. झोप येत नसेल बिचाऱ्याला.

वहिनी : येत नसेल, की कुणी झोपू देत नसेल?

दीर : ते जाऊ दे. संख्याशास्त्राच्या चाचणीत निष्कर्ष दोन प्रकारे चुकतो, त्या दोन चुका शिकवतंय ते. पहिली दुपारी सांगितली : नसलेलं आहे समजणं, म्हणजे ताप नसताना बाळाला घेऊन दवाखाना गाठणं. दुसरी आत्ता सांगणार होतं. नेमकी तीच उद्या येणार, आणि मी आपटणार!

वहिनी : त्यात काय आपटायचंय? अंगात ताप असताना ‘काही नाही, होईल बरं’ म्हणत घरी बसणं, ही दुसरी. पहिलीला दीर हसतो. दुसरीला कुणीच हसत नाही. म्हणून मी आपली पहिलीच करते.

दीर : हां, बरोबर... थांब. दुसरी अजून ग्रुपवर आलीच नाही. वहिनी! घुबड!!

(आत बाळ रडू लागतं.)

वहिनी : उठवलंत ना! आता घ्या.

दीर : तू ग्रुपमध्ये शिरलीस कशी?

वहिनी : ग्रुपची लिंक घरच्या ग्रुपवर कोणी टाकली होती चुकून? संख्याशास्त्राची पुस्तकं माळ्यावर गेली माझी, डोकं नाही गेलं.

दीर : मग सरळ सांगायचंस की!

वहिनी : वहिनीकडून शिकला असतात?

दीर : ...नसतो. म्हणजे मी जे जे लिहिलं, ते सगळं तू...

वहिनी : ‘घरात एक जेलर आहे, फोन लपवते.’ वाचलं.

दीर : आणि घुबडाने लिहिलं, ‘जेलरचं ऐकत जा.’ अगं, तीस जणांनी अंगठे दिले त्याला!

वहिनी : तेवढाच जेलरचा मान. सरका, रडतंय ते.

दीर : मी घेतो त्याला. तू दुसरी चूक टाक ग्रुपवर, सगळे ताटकळलेत.

वहिनी : आधी हात धुवा. साबणाने.

दीर : जेलर!

वहिनी : धुतलेत? घ्या मग. डोक्याखाली हात ठेवा हं... हं, असा.